चिलेहाउस : विटांचा अन्वय आणि जहाजाचे रूपक

वास्तुकलेविषयी मराठीत जे थोडेबहुत लिहिले जाते, त्यात एखाद्या इमारतीला उपमा दिली की समीक्षकाचे काम संपले, असा एक समज रूढ झालेला दिसतो. ताजमहालाला अश्रूची उपमा देण्यात आली आणि त्यानंतर त्याच्या चौथऱ्याकडे पाहण्याची कोणास फारशी गरज वाटली नाही. जर्मनीतील हांबुर्ग शहरी असलेल्या चिलेहाउस या सुप्रसिद्ध इमारतीची गतही काहीशी अशीच झाली आहे. ‘विटांचे जहाज’ हे तिचे वर्णन युरोपीय भाषांतील ग्रंथांतून इतके फिरले आहे की, ते वर्णन नसून व्याख्या आहे असे वाटू लागावे. हे रूपक कितपत टिकते, त्याच्या आड कोणत्या गोष्टी दडून राहतात, आणि ज्या पंथात ही इमारत घातली जाते त्या पंथाचे ‘अभिव्यक्तिवाद’ हे मराठी नाव तिला कितपत लागू पडते, या प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे. हा विचार भाषेच्या अभ्यासकाने का करावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, यातील निम्मा घोटाळा शब्दांचाच आहे.

प्रथम वस्तुस्थिती. चिलेहाउस १९२२ ते १९२४ या काळात उभे राहिले. वास्तुकार फ्रिट्झ होगर (१८७७–१९४९) हा होल्स्टाइन प्रांतातील, सुतारकाम शिकून वर आलेला गृहस्थ. मालक हेन्री स्लोमन हा चिलीतील सोऱ्याच्या व्यापारात अमाप धन मिळवून परतलेला व्यापारी. पहिल्या महायुद्धापूर्वी तो हांबुर्गमधील सर्वांत धनाढ्य माणूस गणला जाई. इमारत दहा मजली असून वरचे मजले पायऱ्यांसारखे मागे मागे सरकत गेले आहेत. तिच्यात सुमारे ४८ लाख विटा आहेत आणि सुमारे २,८०० खिडक्या. जमीन नदीकाठची, भुसभुशीत. म्हणून सोळा मीटरपर्यंत लांबीचे लोहकाँक्रीटचे खुंट ठोकून त्यांवर पाया घातलेला आहे. फिशरट्विटे नावाची एक गल्ली या जागेचे दोन तुकडे करीत होती. होगरने ती बुजविली नाही. तिच्यावर कमानी टाकून इमारत पलीकडे नेली, आणि आजही माणसे इमारतीच्या पोटातून ये-जा करतात. दक्षिणेची दर्शनी भिंत रस्त्याच्या वळणाबरोबर नागमोडी वळत जाते. पूर्वेस दोन रस्ते एकमेकांस तिरके मिळतात तेथे दोन्ही भिंती एका अत्यंत निमुळत्या कोनात येऊन भिडतात. हाच तो जहाजाचा नाळेकडचा भाग.

ज्या भागात ही इमारत आहे तेथे पूर्वी दाट, गलिच्छ वस्ती होती. १८९२ च्या पटकीच्या साथीत हांबुर्गमध्ये साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर शहरातील अशा वस्त्या पाडण्यास जोर आला, व येथील मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढे व्यापारी पेढ्यांची वसाहत वसली. २०१५ मध्ये ही वसाहत, शेजारची गोदामनगरी व चिलेहाउस यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला.

आता नावाकडे वळावयाचे. ‘एक्स्प्रेशनिझम’ या संज्ञेला मराठीत ‘अभिव्यक्तिवाद’ हा प्रतिशब्द योजला जातो. शब्द सुटसुटीत आहे, घडणीने निर्दोष आहे. फक्त तो रिकामा नव्हता. संस्कृत काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास रससूत्रावरील चार मते पाठ असतात : लोल्लटाचा उत्पत्तिवाद, शंकुकाचा अनुमितिवाद, भट्टनायकाचा भुक्तिवाद आणि अभिनवगुप्ताचा अभिव्यक्तिवाद. अभिनवगुप्ताच्या मतात जे अभिव्यक्त होते ते सहृदयाच्या चित्तात वासनारूपाने अगोदरच असते. काव्य किंवा नाट्य त्यावरील आवरण दूर करते, एवढेच. म्हणजे अभिव्यक्तीचे अधिष्ठान रसिकाचे ठायी. जर्मन पंथाचे म्हणणे याच्या जवळजवळ उलट आहे. तेथे कलावंताच्या अंतरंगात खळबळ माजलेली असते, ती बाह्य आकारावर दाब टाकते आणि त्या दाबाने आकार वाकतो, ताणला जातो, टोकदार होतो. अधिष्ठान कर्त्याचे ठायी. एकाच शब्दाने या दोन्ही गोष्टी सुचवावयाच्या म्हणजे विद्यार्थ्याच्या मनात गोंधळ निश्चित. चित्रकला व नाटक यांच्या बाबतीत हा गोंधळ संदर्भाने निभावून जातो. वास्तूच्या बाबतीत मात्र तो घातक ठरतो. कारण दहा मजल्यांची भाड्याने द्यावयाची इमारत ही कोणाच्या अंतरंगातील खळबळीचा उद्गार आहे असे मानणे मुळातच धाडसाचे आहे. होगरचे अंतरंग जसे तिच्यात आहे, तसे स्लोमनचे जमाखर्चाचे वहीखातेही आहे, आणि शहराच्या बांधकाम-नियमांचे कलमही आहे.

तेव्हा चिलेहाउस पाहताना प्रथम अभिनवगुप्ताकडे जावे, हे अधिक फलदायी ठरेल. इमारत पाहणाऱ्याच्या चित्तात काय जागे करते, असा प्रश्न विचारावा. येथे लगेच जहाजाचे रूपक पुढे येते. बंदराचे शहर, सागरी व्यापारी मालक, निमुळते टोक, वरच्या मजल्यांचे डेकसारखे कठडे. पाहणाऱ्याच्या मनात जहाज जागे होणारच. परंतु शब्दशक्तींचा विचार करणाऱ्याने येथे थोडे थांबावयास हवे. लक्षणा प्रवृत्त होण्यास तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले की प्रवाहावर वाडा असणे अशक्य, म्हणून काठ हा अर्थ घ्यावा लागतो. चिलेहाउसच्या टोकाच्या बाबतीत मुख्यार्थाला बाध कोठे येतो? जमिनीचा तुकडा तेथे निमुळता होता. रस्ते तेथे तिरके मिळत होते. जमीन महाग होती, म्हणून शेवटच्या वितीपर्यंत बांधावयाचे होते. टोकाचे पूर्ण स्पष्टीकरण जमिनीच्या नकाशात मिळते. वरच्या मजल्यांची माघार ही रस्त्यावर उजेड यावा म्हणून घातलेल्या नियमांशी जुळणारी आहे. मुख्यार्थ शाबूत असता लक्षणेकडे धावणे, याला शास्त्रात आधार नाही.

याचा अर्थ जहाज तेथे नाहीच, असा नव्हे. होगरने तो कोन बोथट करून टाकला नाही. उलट छपराची पन्हाळ पुढे काढून त्याला अधिक धार आणली. एवढे प्रयोजन मान्य करावेच लागते. परंतु जहाजाची प्रतिमा जगभर झाली ती मुख्यतः छायाचित्रामुळे. हांबुर्गच्या द्रान्सफेल्ड बंधूंनी जमिनीलगत उभे राहून टिपलेले टोकाचे छायाचित्र वास्तुकलेच्या ग्रंथांतून व नियतकालिकांतून सर्वत्र गेले. जहाज दिसते ते त्या एका बिंदूवरून. दहा पावले बाजूला गेले की ते नाहीसे होते, आणि उरते ती भिंत. ज्या इमारतीची दर्शनी भिंत शेकडो फूट पसरलेली आहे, तिचा अर्थ केवळ एका कोपऱ्यावरून ठरविणे म्हणजे एखाद्या दीर्घ वाक्याचा अर्थ त्यातील एका उद्गारचिन्हावरून ठरविण्यासारखे आहे.

सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात एक दृष्टान्त आहे, तो येथे उपयोगी पडतो. भाषेतील घटकांचे संबंध दोन प्रकारचे, हे सांगताना त्याने इमारतीच्या खांबाचे उदाहरण घेतले. खांब वरच्या तुळईला आधार देतो, हा समोर हजर असलेल्या दोन घटकांचा संबंध. याला मराठीत अन्वयसंबंध म्हणता येईल. तोच खांब डोरिक पद्धतीचा असेल तर पाहणाऱ्याच्या मनात आयोनिक, कोरिंथियन इत्यादी इतर खांबांची आठवण येते. हा गैरहजर घटकांशी असलेला साहचर्यसंबंध. भाषाशास्त्रज्ञाने वास्तूकडून दृष्टान्त घेतला होता. वास्तुसमीक्षकाने तो परत मागून घेण्यास हरकत नसावी. जहाज हा चिलेहाउसचा साहचर्यसंबंध आहे. आतापर्यंतची बहुतेक समीक्षा त्यावरच थांबली. अन्वयाकडे, म्हणजे वीट विटेशी कशी जोडली आहे याकडे, लक्ष दिले गेले ते फार थोड्यांकडून.

आम्स्टरडॅम येथील शेपवार्टहाउसशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. १९१३ ते १९१६ या काळात, म्हणजे चिलेहाउसच्या आधी काही वर्षे, सहा जहाजकंपन्यांच्या कचेऱ्यांसाठी फान डर माय याने क्रामर व डी क्लेर्क यांच्या साहाय्याने ती बांधली. तीही विटांची, तिचेही टोक निमुळते, तिच्याही पोटात काँक्रीटचा सांगाडा. परंतु तेथे समुद्राविषयी जे सांगावयाचे ते शिल्पांनी सांगितले आहे. लाटा, दिशा, सागर, खलाशी सगळे दगडात व धातूत कोरून भिंतीवर बसविले आहेत. ही अलंकारांची भाषा. एकेक अलंकार काढून घेतला तर खाली एक चांगली पण बरीचशी सामान्य इमारत उरेल. चिलेहाउसवरही रिचर्ड क्युओल याने घडविलेले मातीकाम आहे, टोकाशी अँडीज पर्वतातील काँडोर पक्षी आहे. पण ते सर्व काढून घेतले तरी इमारतीचे फारसे नुकसान होणार नाही. तिचा अर्थ अलंकारात नाही. तो वाक्यरचनेत आहे.

ती रचना अशी. दर्शनी भिंतीवर एकमेकांलगत अरुंद, उभे, पुढे आलेले विटांचे खांब तळापासून वरच्या कठड्यापर्यंत गेले आहेत. दोन खांबांच्या मधल्या अरुंद पट्टीत खिडक्या. समोर उभे राहिले असता खिडक्या दिसतात आणि भिंत जाळीसारखी विरळ वाटते. तिरके पाहू लागले की खांब एकमेकांवर चढतात, खिडक्या त्यांच्या आड जातात, आणि शेवटी एकसंध, गडद, विटांचा कडा तेवढा उरतो. चालणाऱ्या माणसाबरोबर भिंत मिटते आणि उघडते. यासाठी एकही आकृती कोरावी लागलेली नाही. एक घटक, त्याची पुनरावृत्ती, आणि घटकांतील ठरलेले अंतर, एवढ्या सामग्रीवर हा परिणाम साधला आहे. व्याकरणाचा अभ्यास करणाऱ्यास ही काटकसर ओळखीची वाटेल. मोजके प्रत्यय घेऊन अमर्याद वाक्ये करावयाची, हेच तर भाषेचे कौशल्य.

आणि तो घटक म्हणजे वीट. मराठीत ‘वीट’ हा शब्द संस्कृत ‘इष्टका’, प्राकृत ‘इट्टा’ या वाटेने आला. हिंदीत ‘ईंट’ राहिली, मराठीत आरंभी वकार आला. (‘वीट येणे’ मधील वीट निराळी, तिचा या भट्टीशी संबंध नाही.) जर्मन भाषेत साध्या विटेला जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘भाजलेला दगड’. उत्तर जर्मनीच्या सखल प्रदेशात दगड दुर्मिळ. म्हणून तेथील मध्ययुगीन चर्चे व नगरगृहे विटांचीच झाली, आणि विटेला दगडाची पदवी मिळाली. चिलेहाउसमध्ये वापरलेल्या विटेला मात्र ‘क्लिंकर’ म्हणतात. हा शब्द डच भाषेतील. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ वाजणे. अतिशय उष्णतेत भाजल्याने वीट काचेसारखी घट्ट होते व तिच्यावर आघात केला असता ती वाजते. आपल्याकडचा गवंडीही दोन विटा एकमेकींवर आपटून पाहतो आणि खणखणीत आवाज आला की ती पक्की समजतो. मात्र मराठीने त्या आवाजावरून विटेला नाव दिले नाही.

होगरने घेतलेल्या विटा पहिल्या प्रतीच्या नव्हत्या. बोकहोर्न भागातील भट्ट्यांमधील या विटा जादा भाजल्याने कोठे जांभळ्या, कोठे काळपट, कोठे तपकिरी झालेल्या, कडा वाकलेल्या, पृष्ठभाग ओबडधोबड. सरळ गुळगुळीत भिंतीसाठी त्या नाकारल्या गेल्या असत्या. होगरच्या भिंतीला हा दोषच हवा होता. एकसारख्या लाखो विटांची इतकी मोठी भिंत डोळ्याला निर्जीव वाटली असती. येथे प्रत्येक वीट शेजारणीपेक्षा किंचित निराळी असल्याने भिंत जवळून पाहता खरखरीत, दूरून पाहता मखमली दिसते, आणि हांबुर्गच्या पावसात ओली झाली की तिचा रंगच बदलतो. उच्चारातही असेच घडते. एकच वर्ण कोणी दोनदा हुबेहूब उच्चारीत नाही, तरी वर्ण एकच राहतो. किंबहुना या किरकोळ फरकांमुळेच बोलणे यंत्राचे न वाटता माणसाचे वाटते. होगरच्या कलेचे मर्म सांगावयाचे तर ते येथे आहे, टोकाशी नाही.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो की, ही वीट खोटी आहे. भार पेलतो तो लोहकाँक्रीटचा सांगाडा. विटा केवळ अंगरखा. आधुनिक वास्तुकलेच्या कडव्या पुरस्कर्त्यांच्या दृष्टीने हा मोठाच अपराध ठरतो. आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. होगरचे उभे खांब सांगाड्याच्या खांबांपेक्षा कितीतरी अधिक दाट आहेत. भार कोठून खाली जातो हे दाखविण्याचा त्यांचा दावाच नाही. वाक्यातील प्रत्येक शब्दाने तर्कशास्त्रातील एखाद्या पदाची जागा घेतलीच पाहिजे, असा आग्रह धरणारे वैयाकरण होऊन गेले. भाषेने त्यांना कधी दाद दिली नाही. मात्र एक गोष्ट होगरच्या विरुद्ध नोंदविली पाहिजे. कमानींच्या व तळमजल्याच्या भागात तो जेथे नक्षीच्या मोहात पडतो, तेथे वीट आपले काम सोडून दगडाची नक्कल करू लागते आणि भिंतीचा आवाज फुटतो.

येथवर रचनेचा विचार झाला. परंतु या इमारतीस एक नाव आहे, आणि ते नाव कोणत्याही रूपकापेक्षा अधिक स्पष्ट बोलते. जहाजाला नाव असते तसे हे नाव आहे, असे म्हणून ते सोडून देण्याचा प्रघात आहे. वास्तविक येथे अभिधाच पुरेशी आहे. चिली देशातील अटाकामा वाळवंटात नैसर्गिक सोरा सापडतो. तो युरोपच्या शेतांना खत म्हणून आणि दारूगोळ्याला कच्चा माल म्हणून लागे. महायुद्धापूर्वी जर्मनी हे त्याचे एक प्रमुख गिऱ्हाईक होते. वाळवंटातील कारखान्यांत मजुरांना पुष्कळदा रोख वेतन न देता बिल्ले दिले जात, व ते बिल्ले मालकाच्याच दुकानात चालत. २१ डिसेंबर १९०७ रोजी इकीके येथील सांता मारिया शाळेत जमलेल्या संपकरी सोरा-मजुरांवर व त्यांच्या बायकामुलांवर चिलीच्या सैन्याने गोळीबार केला. मृतांच्या संख्येविषयी मतभेद आहेत. शेकडोंपासून हजारोंपर्यंत आकडे सांगितले जातात.

भाषेचा योगायोग असा की, वाळवंटातील सोऱ्याच्या प्रत्येक कारखान्याला, खाण, भट्ट्या, मजुरांच्या खोल्या यांसह, स्पॅनिश भाषेत ‘ओफिसिना’ म्हणत. म्हणजे ऑफिस. इकडे हांबुर्गमध्ये जी खरोखरच ऑफिसांची इमारत होती तिला म्हणत ‘कोंटोरहाउस’. यातील ‘कोंटोर’ हा शब्द फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ पैसे मोजण्याचे टेबल. जेथे दगड फोडले जात त्याला कचेरी म्हणावयाचे, आणि जेथे कागद हलविले जात त्याला मोजणीचे टेबल. दोन्ही नावांत एका व्यवहाराची दोन टोके धरलेली आहेत. ‘कोंटोरहाउस’ला मराठीत कचेरी म्हणणे योग्य नव्हे. कचेरी म्हटले की मामलेदार, दफ्तर, पट्टेवाला डोळ्यांपुढे येतात. ‘पेढी’ हा शब्द जवळचा. गादी, लोड, रोजकीर्द, खतावणी, दूरगावच्या मालाचा भाव सांगणारी तार. फरक इतकाच की कोंटोरहाउस एका पेढीचे नसे. मजल्यामजल्याने अनेक पेढ्यांना भाड्याने देण्यासाठी ते बांधले जाई. १८८६ मध्ये पुरा झालेला मार्टिन हालरचा डोवनहोफ हा हांबुर्गमधील या प्रकारचा आरंभ. तो १९६७ मध्ये पाडण्यात आला.

चिलेहाउस उभे राहत असता त्याच्या नावातील व्यापाराला ओहोटी लागलेली होती. १९१३ मध्ये हाबर व बॉश यांच्या पद्धतीने हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करण्याचा कारखाना ओप्पाऊ येथे चालू झाला, आणि युद्धकाळातील नाकेबंदीने त्या पद्धतीला बळ दिले. वाळवंटातील सोऱ्याची गरज संपत आली. त्यातच १९२३ चा भयंकर चलनफुगवटा. अशा वेळी कागदी पैशाला विटेचे रूप देणे हे व्यापारी शहाणपण होते. म्हणजे ही इमारत सफरीवर निघालेले जहाज नसून किनाऱ्याला लागलेले, माल उतरवून ठेवलेले गोदाम आहे, असे म्हटले तर ते रूपक निदान इतिहासाशी जुळेल.

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला हा व्यवहार परका वाटण्याचे कारण नाही. या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असा भेद बोलण्यातही आहे आणि बांधकामातही. घाटावर काळा पाषाण मुबलक. लोणारचे दैत्यसूदन मंदिर काय किंवा सिंदखेडराजाच्या राजवाड्याचे दगडी प्रवेशद्वार काय, त्यांचा अन्वय दगडाचा आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी माती. गावकऱ्यांच्या भाषेत ‘काळी’ म्हणजे शेत आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण. ही विभागणी नुसती रंगाची नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिची भिंत टिकत नाही आणि विटही वाळताना तडकते. भिंतीला, धाब्याला पांढरी मातीच लागते. काळीने पिकवावे आणि पांढरीने निवारा द्यावा, असा हा मातीच्या गुणधर्मांनी घालून दिलेला शब्दभेद आहे.

त्या काळीतून निघाला तो कापूस. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी जगाच्या बाजारात भाव आला. खामगाव ही त्याची एक मोठी पेठ. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा लोहमार्गाचा फाटा केवळ या कापसासाठी घालण्यात आला, आणि त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. (खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते, १९०५ मध्ये ते बुलढाण्यास जोडले गेले.) रुई आणि सरकी वेगळी करणारे जिन, गाठी बांधणारे प्रेस, अडत्ये, दलाल, तोलारे असा संसार तेथे उभा राहिला. गाठी मुंबईस जात, तेथून बोटीने पुढे. त्या गाठींतून उत्पन्न झालेल्या धनाच्या इमारती मुंबईत, लिव्हरपुलात आणि इतरत्र उभ्या राहिल्या. त्यांपैकी कोणा एकीला ‘वऱ्हाड’ हे नाव मिळाल्याचे ठळक उदाहरण नाही. त्या मानाने स्लोमनने प्रामाणिकपणा दाखविला, असे म्हणावे लागेल. त्याने निदान दारावर ठिकाणाचे नाव लिहिले.

परंतु ठिकाण आणि माणूस यांत अंतर आहे. चिलेहाउसवर चिली आहे, काँडोर आहे. सोरा फोडणारा मजूर नाही. येथे मुंबईतील महात्मा गांधी मार्गावरील न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीची आठवण होते. १९३६ मध्ये मास्टर, साठे व भुता यांनी ती बांधली. तिच्याही दर्शनी भागावर तळापासून वर गेलेल्या उभ्या रेषांचा जोर आहे. वीट तेथे नाही, आणि होगरच्या भिंतीचा श्वासही नाही. रचना म्हणून ती पुष्कळच ताठर वाटते. परंतु ना. ग. पानसरे यांच्या शिल्पांत कष्ट करणारी माणसे दारापाशी उभी आहेत. विमाकंपनीच्या कचेरीवर ती शोभतात की नाही हा प्रश्न वेगळा, ती आहेत. अन्वयात होगर सरस, आणि कोणाला नजरेसमोर आणावे या विवेकात मुंबईची इमारत सरस, असा निवाडा द्यावा लागतो. दोन्ही गुण एकाच ठिकाणी मागणे अवास्तव नाही.

होगरविषयी आणखी एक नोंद आवश्यक आहे. १९३२ मध्ये तो नाझी पक्षाचा सभासद झाला. उत्तर जर्मन विटेची बांधणी हीच राष्ट्राची खरी वास्तुशैली ठरावी, अशी त्याची आकांक्षा होती. नव्या सत्तेला मात्र दगडी स्तंभांच्या भव्यतेचे आकर्षण होते. होगरच्या वाट्याला मोठी कामे आली नाहीत. यावरून काही समीक्षक चिलेहाउसच्या उभ्या खांबांत लष्करी संचलन पाहतात. हेही पुन्हा साहचर्यच, आणि जहाजापेक्षा कमी आधाराचे. खांब १९२४ मध्ये पुरे झाले होते. कर्त्याच्या उत्तरचरित्राचा अर्थ मागे वळवून भिंतीत घालणे हे ‘अभिव्यक्ती’चे अधिष्ठान कर्त्याचे ठायी मानल्याचे फळ होय. पाहणाऱ्याचे ठायी ते मानले तर प्रश्न निराळा होतो : त्या भिंतीपुढून आज चालणाऱ्याला काय दिसते?

त्याला विटा दिसतात. त्या नाकारलेल्या होत्या हे त्याला सांगावे लागत नाही. वाकलेल्या कडा समोर असतात. चिली कोठे आहे आणि तेथून काय आले हे मात्र सांगावे लागते. इकीकेच्या पूर्वेस हम्बरस्टोन व सांता लाउरा या ओस पडलेल्या ओफिसिना २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत दाखल झाल्या. त्या मोडकळीस आल्याने २०१९ पर्यंत त्यांची गणना संकटग्रस्त स्थळांत होती. दहा वर्षांनी त्याच यादीत चिलेहाउस आले. त्याच्या भिंती सुस्थितीत आहेत, आणि त्यातील जागा अजूनही भाड्याने जाते.